आकडा हलला म्हणून घाबरू नका, तो परत येतो का ते बघा

वाचकांचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझं वय ४३. थायरॉईडची गोळी सुरू आहे, बाकी कुठलाही आजार नाही. वाढदिवसाला मुलाने हातात बांधायचं स्मार्ट घड्याळ दिलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. झोपेत नाडी ५६ दाखवतं, बसलेली असताना ७०, जिना चढले की ११८. घरात सासऱ्यांसाठी आणलेलं बीपीचं मशीन आहे. त्यावर लागोपाठ तीनदा मोजलं तर तीन वेगळे आकडे आले: १३४/८६, १२६/८२, १२०/७८. साखर उपाशीपोटी ९२, जेवल्यावर तासाभराने १३८. अंगाचं तापमान सकाळी ९७.६, संध्याकाळी ९८.९. एकदा ९९.१ झालं, तेव्हा लगेच तापाची गोळी घेतली. थायरॉईडचा डोस वाढवून पंधरा दिवस झाले, टीएसएच पुन्हा केला तर तो अजून वरच आहे. फोनमध्ये दर तासाला पाणी प्यायचा गजर लावलाय, झोपेपर्यंत पिते. रात्री बाथरूमला उठताना कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या शरीराचा तोल बिघडलाय का? एकही आकडा जागेवर का राहत नाही? घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

— एक बेचैन वाचक

प्रिय ताई,

हे मनाचे खेळ नाहीत. तुम्ही मोजलेले आकडे खरे आहेत आणि ते हलतात हेही खरं आहे. पण त्यावरून तोल बिघडल्याचा जो निष्कर्ष तुम्ही काढलात, तो चुकीचा आहे. काळजी करावी अशी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे आणि ती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येतेच. आधी नाडीचं बोलू, कारण तुमची झोप तिनेच उडवली आहे.

मुलाच्या वेळी, बाळंतपणाच्या आधी, पोटाला पट्टा बांधून बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर काढलेले तुम्हाला आठवत असतील. त्या आलेखात डॉक्टर ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान आहेत का हे बघतात, आणि त्याचबरोबर रेषा सतत वरखाली थरथरते आहे का हेही बघतात. ती थरथर म्हणजे बाळाचा मेंदू हृदयाला क्षणाक्षणाला सूचना देतोय याची खूण. बाळ झोपलेलं असलं तर रेषा थोडा वेळ शांत होते. ती बराच वेळ सपाट राहिली तर मात्र सगळे सावध होतात. मोठ्यांचंही तसंच आहे. स्वस्थ बसा, मनगटावर नाडी धरा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने हृदयाकडे जाणाऱ्या नसा खराब झाल्या की हा फरक पुसट होत जातो आणि नाडी एकसुरी होते. त्यामुळे घड्याळात दिवसभर एकच आकडा दिसावा, अशी इच्छा कृपा करून धरू नका.

शरीर सगळेच आकडे सारख्या कडकपणे सांभाळत नाही, ही गोष्ट नीट समजली की तुमची निम्मी भीती जाईल असं मला वाटतं. काही गोष्टी ते जिवापाड जपतं: रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५, रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल, मेंदूला मिळणारं रक्त, शरीराच्या आतल्या भागाचं तापमान. आणि या गोष्टी जपता याव्यात म्हणून काही गोष्टी ते बेधडक वरखाली करतं: नाडी, श्वासाचा वेग, घाम, लघवीचं प्रमाण, कातडीकडे जाणारं रक्त. तुम्ही दोन्ही एकाच वहीत लिहिता आणि दोन्हींनी जागेवर राहावं अशी अपेक्षा करता. जिना चढताना नाडी ११८ झाली म्हणून तर मांड्यांना जास्तीचं रक्त मिळालं आणि मेंदूच्या वाट्याचं कमी झालं नाही. ती ७० वरच अडून बसली असती तर तुम्हाला मधल्या पायरीवर बसावं लागलं असतं. तारेवर चालणारी मुलगी लांबून स्थिर दिसते. तिच्या हातातली काठी मात्र एक क्षणही थांबलेली नसते. तुमचं घड्याळ ती काठी मोजतं आहे. जिन्याच्या आकड्यात बघायचंच असेल तर एवढं बघा, की वर पोचून शांत उभं राहिल्यावर मिनिटभरात तो उतरायला लागला का.

या व्यवस्थेला शरीरक्रियाशास्त्रात निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. अवयव कुठलाही असो, घडण तीच असते. एक जागा मोजत राहते, दुसरी तो आकडा हव्या असलेल्या आकड्याशी ताडून बघते, तिसरी फरक भरून काढते. आणि फरक भरून निघाल्याची खबर पुन्हा मोजणाऱ्या जागेला पोचली की काम थांबतं. वाढलं तर खाली ओढायचं, घटलं तर वर. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अशा राखलेल्या तोलाला १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. आपण समस्थिती म्हणतो. यातली एक बाब अटळ आहे: बहुतेक वेळा आधी फरक पडतो, मग दुरुस्ती सुरू होते. थोडं हलणं या कामातच आलं.

आता अंधारीबद्दल, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

तुम्ही आडव्या असता तेव्हा डोकं, हृदय आणि पाय जवळपास एका पातळीवर असतात. उठून उभ्या राहिलात की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. तेवढं रक्त हृदयाकडे परतत नाही, म्हणून पुढच्या ठोक्याला बाहेरही कमी पडतं आणि दाब घसरतो. मानेवर, जबड्याच्या कोनाखाली बोटाला नाडी लागते ना, तिथल्या धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. तशीच टोकं हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही आहेत. दाब चांगला असतो तेव्हा भिंत ताणलेली असते आणि तिथून मेंदूकडे संदेश भराभर जात असतात. दाब घसरला की भिंत सैल पडते, संदेश विरळ होतात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला ते तत्काळ कळतं. हृदयाचा वेग आवरून धरणारी व्हेगस नावाची नस असते. तिचा लगाम ते सैल सोडतं. एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. पाठोपाठ पायांच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्याला काही सेकंद जास्त लागतात. साधारण अर्ध्या मिनिटात दाब पूर्ववत होतो. दिवसातून कितीतरी वेळा हे घडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो मधल्या पाच-दहा सेकंदांत मेंदूला रक्त किंचित कमी पडलं तर, आणि त्यालाच आपण अंधारी म्हणतो.

तुम्हाला ती रात्रीच का येते? झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरलेला असतो. पांघरुणाच्या उबेने कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. अशा वेळी लघवीची घाई झाली की माणूस ताडकन उठतो. आणि लघवीला उठावं लागतं ते झोपेपर्यंत पाणी पीत राहिल्यामुळे. तुमच्या पाण्याच्या गजराचा आणि तुमच्या अंधारीचा असा थेट संबंध असण्याची मला दाट शक्यता वाटते.

पाण्याचा हिशेब शरीर स्वतः किती बारकाईने ठेवतं ते सांगते. हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या मध्यात खालच्या बाजूला असलेला छोटासा भाग आहे. तिथल्या पेशी रक्ताचा दाटपणा ओळखतात. एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना पुरतो. रक्त तेवढं दाट झालं की पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि किडन्या पाणी परत ओढून घेऊ लागतात. किडन्यांमधून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातून लघवी होते अवघी एक ते दोन लिटर. बाकी सगळं रक्तात परत. दाटपणा आणखी वाढला की तहान लागते. पाणी प्यायल्यावर काही मिनिटांतच तहान भागते, पण तेवढ्या वेळात ते पाणी रक्तात पुरतं पोचलेलंही नसतं. तोंड, घसा आणि पोटाकडून आलेल्या खबरीवरच मेंदू तहान थांबवतो. तो निकाल लागेपर्यंत थांबला असता तर आपण दर वेळी गरजेच्या दुप्पट पाणी प्यायलो असतो. व्हॅसोप्रेसिन रात्री एरवीपेक्षा जास्त सुटतं, ते झोप मोडू नये म्हणूनच. त्यावर तुम्ही झोपताना पेल्यामागून पेले ओतता.

गजर बंद करा. तहान लागेल तेव्हा प्या, आणि झोपायच्या आधीचे दोन तास घोट-दोन घोटांवर ठेवा. उलट्या-जुलाब झाले, उन्हात अंगमेहनत झाली किंवा मुतखड्याचा त्रास असला तर मात्र तहानेवर विसंबू नये. तुमच्या सासऱ्यांनाही हा सल्ला लागू नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आठवण करून द्यावी लागते. त्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि उठताना घाई करू नका. आधी अंथरुणाच्या कडेला पाय सोडून बसा, पावलं वरखाली करा, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. मग उभ्या राहा. खोलीत मंद दिवा असू द्या. तरीही अंधारी आली तर लगेच खाली बसा. पडून डोकं आपटणं हा यातला खरा धोका आहे.

साखरेच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय, "जेवल्यावर १३८ झाली." मी म्हणेन, एवढं जेवूनही ती १३८ च्या वर गेली नाही. तुमच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम. पोटभर जेवणातून त्याच्या दहापट, पंधरापट साखर एक-दोन तासांत रक्तात उतरते. ती सगळी साठून राहिली असती तर आकडा हजारात गेला असता. तसं होत नाही, कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी साखर वाढताना ओळखतात आणि इन्शुलिन सोडतात. इन्शुलिनमुळे स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत घेतात, यकृत ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. ही तयारी साखर रक्तात चढायच्या आधीच सुरू झालेली असते. अन्न आतड्यात पोचलं की आतडंच स्वादुपिंडाला संप्रेरकांमार्फत सावध करतं. म्हणून तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्शुलिन कमी सुटतं आणि तोंडाने घेतलं तर जास्त. रात्री उपाशी असताना याच्या उलट: ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृताला साठा मोडायला सांगतं आणि सकाळी तुम्हाला ९२ दिसतात. यकृतातलं ग्लायकोजेन वेगळं काढून दाखवलं ते क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५७ मध्ये. पेशींभोवतीचं आतलं वातावरण स्थिर राहतं म्हणून प्राणी बाहेरच्या बदलांत मोकळेपणाने जगू शकतो, हा विचारही त्याचाच.

मोजायचं, ताडायचं, फरक भरून काढायचा, हे वर्तुळ तुटलं की काय होतं ते टाइप १ मधुमेहात दिसतं. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. मोजणारंही गेलं आणि इन्शुलिन सोडणारंही. १९२१ मध्ये टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं, जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला दिलं गेलं, आणि तेव्हापासून ही माणसं जगू लागली. पण त्यांना ते वर्तुळ रोज स्वतःच्या हाताने पुरं करावं लागतं: बोट टोचून मोजायचं, ताडून बघायचं, इंजेक्शन घ्यायचं. त्यांच्यासाठी दिवसातून अनेकदा मोजणं म्हणजे जीव वाचवणं आहे. तुमच्या स्वादुपिंडात हे काम आपोआप होतंय, तेव्हा सारखं बोट टोचून तुमच्या हाती काही लागणार नाही. उपाशीपोटी १०० च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आत, एवढं पुरे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर तो मधुमेह धरतात. शंका असेल तर वर्षातून एकदा एचबीएवनसी करा. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते.

तापमानाचं थोडक्यात. पहाटे ते सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त. अंशभर फॅरनहाइटचा फरक रोजचाच आहे. पाळीच्या चक्रात बीज सुटल्यानंतरचे दिवस ते अर्धा-एक अंशाने चढलेलं राहतं. तेव्हा संध्याकाळचे ९९.१ म्हणजे ताप नव्हे. साधारणपणे १००.४ च्या पुढे ताप धरतात. खऱ्या तापात एक विलक्षण गोष्ट घडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. संसर्ग झाल्यावर शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसमधला हवा असलेला आकडाच वर सरकवतं. समजा तो १०२ झाला. मग अंग ९९ वर असतानाही मेंदूला ते गार वाटतं, हातपाय थंड पडतात, हुडहुडी भरते, पांघरूण हवंसं वाटतं. पॅरासिटामॉलने प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की आकडा खाली येतो, आता तेच अंग मेंदूला गरम वाटतं आणि दरदरून घाम फुटतो. यंत्रणा दोन्ही वेळा चोख काम करत असते, फक्त तिला दिलेलं लक्ष्य बदललेलं असतं. उष्माघात ही यापेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिथे लक्ष्य नेहमीचंच असतं, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद संपलेली असते. तापमान १०४ च्या पुढे जातं, माणूस बरळू लागतो. तिथे तापाची गोळी काहीच करू शकत नाही. अंगावर पाणी मारून, वारा घालून शरीर लगेच थंड करायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता थायरॉईड. इथे तुम्हाला धीर धरायला सांगायचंय. नाडीचं वर्तुळ सेकंदांत पुरं होतं, साखरेचं तासांत, थायरॉईडचं आठवड्यांत. पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं थायरॉईड संप्रेरक बघते. ते कमी असलं की टीएसएच हे आपलं संप्रेरक वाढवून "आणखी बनव" असं सांगते, पुरेसं झालं की टीएसएच उतरवते. तुम्ही घेता ती गोळी म्हणजे थायरॉक्सिन. ते रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर रक्तातली नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि पिट्युटरी तिच्यावरून आपला निरोप बदलते. पंधरा दिवसांनी काढलेला टीएसएच हा जुन्या दिवसांचा निरोप आहे. त्यावरून मनाने डोस वाढवू नका. डोस वाढवल्याच्या दिवसापासून सहा ते आठ आठवडे मोजा आणि मगच तपासा. मधल्या काळात बसल्याजागी धडधड, हात थरथरणं किंवा खूप घाम असं काही झालं, तर मात्र डॉक्टरांना आधीच कळवा, कारण डोस जास्त होत असल्याची ती लक्षणं असू शकतात.

याच जातीची आणखी एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे घेतल्या की पिट्युटरीला वाटतं, कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड भरपूर आहे, आणि ती किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप देणं थांबवते. त्या ग्रंथी सुस्तावतात. मग बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या तर बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही अशी अवस्था होते, आणि ती जिवावर बेतू शकते. स्टिरॉइड डॉक्टर सांगतील तशीच, पायरीपायरीने कमी करायची.

बीपीच्या तीन आकड्यांमध्ये तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे. पहिला सगळ्यात जास्त, तिसरा सगळ्यात कमी. तुम्ही मशीन लावून बसलात, मन शांत होत गेलं आणि दाब उतरला. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, न बोलता, लघवी करून आलेलं असावं. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी धरा. घरी मोजलेली सरासरी बरेच दिवस १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर दाखवायला हवं. हे सांगण्यामागे कारण आहे. दाब महिनोन्‌महिने चढलेला राहिला की मानेतल्या त्या मोजणाऱ्या जागा त्यालाच नेहमीचा समजू लागतात आणि तोच राखू लागतात. म्हणून वाढलेला रक्तदाब जाणवत नाही, आणि म्हणूनच औषध लागलं तर ते बरं वाटतंय म्हणून सोडायचं नसतं.

अंधारीखेरीज आणखी एका गोष्टीची मला चिंता वाटते, ती आता. शरीरात काही वर्तुळं उलट स्वभावाची असतात. ती फरक भरून काढत नाहीत, वाढवत नेतात. बाळंतपणात बाळाचं डोकं गर्भाशयाच्या मुखावर दाबतं, त्यामुळे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, कळा वाढतात, डोकं आणखी दाबतं. जखमेत रक्त गोठतानाही तसंच, एक पायरी पुढचीला जोर देते. याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात, आणि अशा वर्तुळाला कुठेतरी शेवट लागतो: बाळ जन्मलं की कळांचं वर्तुळ थांबतं. तुम्ही घड्याळ बघता, आकडा वाढलेला दिसतो, पोटात धस्स होतं, ॲड्रेनॅलिन सुटतं, नाडी आणखी वाढते, तुम्ही पुन्हा बघता. या वर्तुळाला आपोआप शेवट नाही. तो तुम्हालाच घालावा लागेल. श्वासही त्यात ओढला जातो: घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि भीती दुप्पट होते. तसं झालं तर श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा. काही मिनिटांत मुंग्या ओसरतात.

घड्याळ फेकायला मी सांगत नाही, मुलाने प्रेमाने दिलंय. झोपताना ते काढून ठेवा, नाडीच्या सूचना बंद करा, आणि आठवड्यातून एकदा फक्त सकाळी उठल्याउठल्याची, शांत असतानाची नाडी बघा. महिन्याभरात ती हळूहळू चढत किंवा उतरत चालली असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. झोपेत ५६ असणं निरोगी माणसाला साजेसंच आहे.

एक मोजमाप मात्र मला तुमच्याकडून हवंय, आणि तेच तुम्ही अजून केलेलं नाही. कुणाला तरी जवळ उभं करून, पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या. मग उभ्या राहा आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर अंधारी नुसती घाईची नाही, आणि तपासणी लांबवू नका. उतरत नसेल तरी पुढच्या भेटीत अंधारीचा विषय काढाच. तुमच्या वयात पाळीत जास्त रक्त जाऊन रक्त कमी होणं नेहमी आढळतं, म्हणून हिमोग्लोबिन करून घ्या. भेटीला जाताना वही नेऊ नका, एका कागदावर एवढंच लिहा: झोपून आणि उभं राहून आलेले आकडे, अंधारी कधी आणि किती वेळा येते, पाळीत किती दिवस आणि किती जातं, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, सर्दीची किंवा झोपेची अधूनमधून घेत असाल तर तीसुद्धा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, शांत बसूनही नाडी १२० च्या वर टिकून राहिली किंवा शौचाला काळं डांबरासारखं झालं, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.